कुमुदताईंचा गप्प होणारा टीव्ही

"म्हणजे बिघाड नाहीच म्हणतोस?" इलाहीचाचांनी विचारलं.

"नाही."

"तीनदा गेलास?"

"तीनदा. चित्र ओके, आवाज ओके, नेट ओके. सॉफ्टवेअरसुद्धा ताजं, मी स्वतः टाकलंय."

चाचांच्या हातात एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण होतं. ते त्यांनी बाकावर ठेवलं.

"आणि ताई काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, टीव्ही मधेच गप्प होतो."

"मग?"

"मग काय चाचा, होत नाही ना तो गप्प!"

चाचा माझ्याकडे बघत राहिले...

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी अविराज ढगे. तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि बार्शीतल्या एका साप्ताहिकात दर रविवारी माझा कॉलम यायचा, 'नवं काय आलं?' नावाचा. कुठला टीव्ही बाजारात आला, कुठला फोन लवकर तापतो, असल्या बातम्या. लोक रस्त्यात गाडी थांबवून मला विचारायचे, आत्ता घेऊ की दिवाळीपर्यंत थांबू? मी पार हवेत होतो.

आणि इलाहीचाचा तांबोळी म्हणजे माझे गुरू. बसस्टँडमागे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यांच्या हाताखाली मला चार वर्षं झाली होती. माझा कॉलम ते वाचत नसत. एकदा विचारलं तर म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय." त्याच चष्म्याने ते केसाएवढी तार जोडायचे!

आणि या ताई म्हणजे कुमुदताई शेटे. मी त्यांना काकू म्हणायचो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. घरी एकट्या, सकाळी कामाला बाई येते तेवढीच. मुलगा राजशेखर पुण्याला. त्यानेच दिवाळीत आईला मोठा स्मार्ट टीव्ही आणि खाली साउंडबार घेऊन दिला. काकू दिवसभर जुन्या मालिका लावून ऐकत बसायच्या. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, त्यांना काही करावं लागायचं नाही.

आता परत दुकानात येऊ.

"गप्प होतो म्हणजे कसा?" चाचांनी विचारलं. "काही सांगितलं त्यांनी?"

मला हसू आलं.

"ऐका तर. म्हणतात, 'अविराज, लाइन तुटलेली नाही. समोर कुणीतरी फोन धरून गप्प बसलंय.' आता बोला!"

चाचा हसले नाहीत.

"असं म्हणाल्या?"

"शब्दाला शब्द."

"हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"राजशेखरना. त्यांचाच फोन आला होता. टीव्हीत खरंच काही आहे का, विचारत होते. मी म्हटलं, टीव्ही ठणठणीत आहे. तिन्ही जॉबकार्डांचे फोटो पाठवले. 'बिघाड आढळला नाही', तीनदा. आणि त्या काय म्हणाल्या तेही सांगितलं."

"हसत सांगितलंस?"

हसतच सांगितलं होतं.

"मग ते काय म्हणाले?"

"त्यांना शंका होतीच. मागे एकदा व्हिडिओ कॉल लावला, तर काकू गप्प टीव्हीपुढे बसून हॅलो, हॅलो करत होत्या म्हणे. डॉक्टरांना दाखवलंय त्यांनी सगळं. वय झालं की होतं असं. पुण्यात एका ठिकाणी सोय बघितलीये, विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांसाठी. चांगलं आहे, माणसं असतात दिवसरात्र..."

"कधी नेणार?"

"आज."

चाचा उठले. खुंटीवरचे दोन चौकड्यांचे रुमाल त्यांनी खांद्यावर टाकले.

"शटर ओढ."

"आत्ता? आज बाजारचा दिवस आहे चाचा! गिऱ्हाईक..."

"ओढ म्हटलं ना."

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजत आले होते. दारात गाडी उभी होती, डिकी उघडी. एक सूटकेस, गादीची वळकटी, कापडी पिशव्या. राजशेखर एक पिशवी दाबून बसवत होते. चाळिशी उलटलेला माणूस, डोळ्यांखाली काळं झालेलं. मला बघून त्यांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी त्यांच्या बाजूचा माणूस होतो ना.

"या चाचा. पण आता टीव्ही बघायला आला असाल तर राहू द्या. तो इथेच राहणार आहे."

"निघताय कधी?"

"बारापर्यंत."

"चारला निघा."

"अहो, काय हे..."

"राजाभाऊ, ती तीन जॉबकार्डं माझ्या दुकानाची आहेत. वर माझं नाव छापलंय. तुम्ही ती डॉक्टरांना दाखवलीत?"

"दाखवली."

"मग चौथं लिहीपर्यंत थांबा."

"चाचा, तीनदा बघून झालंय!"

"हो. बघून झालंय."

राजशेखर माझ्याकडे वळले. मी खांदे उडवले. म्हातारा माणूस आहे, ऐकणार नाही, असं मला म्हणायचं होतं. आज आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

आत काकू खुर्चीत बसल्या होत्या. प्रवासाची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"इलाहीभाई ना? चपला अजून घासतच चालता."

"सवय झालीये ताई. कशा आहात?"

"निघालेय बघा. मला विसरायला होतं म्हणे." त्या जरा थांबल्या. "तुमच्या माणसाने लिहून दिलंय."

मी दारातच उभा होतो. त्या माझ्या दिशेने बघत नव्हत्या, पण मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"ताई," चाचा म्हणाले, "रोज लावता तसा टीव्ही लावा. रोज ठेवता तिथेच रिमोट ठेवा. अगदी रोजच्यासारखं."

काकूंनी रिमोट घेतला. अंगठ्याने बटणं मोजली. वरून एक, खाली तीन, मग मधलं मोठं. मालिका सुरू झाली. दोन जावांचं भांडण चाललं होतं, एकीने दुसरीचं पत्र लपवलं होतं. काकूंनी रिमोट शेजारच्या दिवाणावर ठेवला आणि मागे टेकल्या.

चाचा जमिनीवर मांडी घालून बसले. एक रुमाल घडी करून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. दुसरा माझ्याकडे फेकला.

"बांध."

"मी?"

"नाही, साउंडबारला बांध."

मी बांधला. काय करता!

पहिली पंधरा मिनिटं मी मनातल्या मनात चाचांना बोल लावत होतो. अरे, सेटिंगमध्ये जा, नोंदी तपासा, केबल बदला. बिघाड शोधायची ही काय रीत झाली? डोळे बांधून कुणी टीव्ही दुरुस्त करतं का?

"चाचा," मी हळूच म्हणालो, "निदान नेटचा वेग तरी..."

"श्श्."

अर्धा तास झाला. जावांचं भांडण मिटलं, तिसरीच एक उपटली. माझे हात नुसते शिवशिवत होते. काहीतरी दाबावं, काहीतरी उघडून बघावं. चार वर्षांत टीव्हीसमोर मी कधी बसलोच नव्हतो. उभ्याने जायचो, रिमोट हातात घ्यायचो, दहा मिनिटांत दहा गोष्टी तपासायचो आणि निघायचो.

तास झाला. पाय अवघडले. राजशेखर आतबाहेर करत होते, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. दोनदा फोन वाजला. "हो, हो, निघतोय थोड्या वेळात," असं ते कुणालातरी सांगत होते. शेवटी तेही दमले आणि आईशेजारी दिवाणावर येऊन बसले. दिवाण करकरला.



मग काकू म्हणाल्या, "तिथे टीव्ही असतो का रे?"

"असतो ना. हॉलमध्ये. सगळ्यांना मिळून."

"म्हणजे रिमोट दुसऱ्या कुणाच्या हातात."

"आई..."

"सहज विचारलं."

परत मालिकेचा आवाज. मग राजशेखर खालच्या आवाजात बोलू लागले. आम्ही दोघं तिथे बसलोय हे ते विसरले असावेत. डोळे बांधलेला माणूस ऐकत असतो हे लवकर लक्षात येत नाही.

"आई, मला काय हौस आहे का? तिकडे मीटिंगमध्ये बसलेलो असतो आणि डोक्यात हेच. गॅस राहिला असेल का, पडली असेल का. मला झोप नाही लागत गं."

"मला वेड लागलंय असं वाटतं तुला?"



"तू हॅलो म्हणत होतीस, आई. त्या टीव्हीला."

"हो. म्हणत होते."

"मग?"

"तीस वर्षं तेच केलं रे मी. कानाला माणूस लागलेला आहे आणि बोलत नाही, की हॅलो म्हणायचं. तोंडातून निघून जातं. पण तू मला एकदा तरी विचारलंस का, आई हॅलो का म्हणतेस? डॉक्टरला विचारलंस. या अविराजला विचारलंस. मला नाही विचारलंस."



मी रुमालाच्या आत डोळे घट्ट मिटले. खरं सांगतो, मला रडू आलं. कारण मलाही काकूंनी सांगितलं होतं, अगदी स्पष्ट, आणि मी त्याचा विनोद करून दुकानात आणि फोनवर वाटला होता. आता चार वाजता ही बाई गाडीत बसणार होती आणि पुन्हा या घरात येणार नव्हती. माझ्या तीन ओळींमुळे.

मी मनात म्हणालो, होऊ दे रे बाबा गप्प. एकदा होऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र बिघडावं म्हणून प्रार्थना केली.

जावा बोलत राहिल्या. ठणठणीत आवाजात बोलत राहिल्या...

दीड वाजून गेला असेल. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन थांबल्या होत्या. मालिकेचं गाणं लागून पुढचा भाग सुरू झाला, नवी जाऊ म्हणाली, "मला सगळं माहीत आहे, त्या दिवशी..."

आणि गप्प.

"आता!" काकू ताठ बसल्या असाव्यात, खुर्ची वाजली. "हेच! हेच ते!"

माझे हात रुमालाच्या गाठीवर गेले.

"हात खाली," चाचा म्हणाले. "ऐक."

मी ऐकलं. साउंडबारमधून एक बारीक सूं येत होतं. बंद यंत्रातून येत नाही ते. अगदी बारीक, पण होतं. लाइन तुटलेली नव्हती.



आणि पुढच्याच क्षणी, "...दिवाणखान्यात तुम्ही काय बोलत होता ते मी ऐकलंय!" जाऊबाई पुन्हा सुरू झाल्या.

"कुठे काय झालं?" राजशेखर म्हणाले. "चालू तर आहे."

"झालं होतं रे..." काकूंचा आवाज पडला. "आत्ता झालं होतं. इलाहीभाई, तुम्ही ऐकलंत ना? खरंच झालं होतं. पण दर वेळी तो असा लगेच बोलत नाही... बराच वेळ नाही बोलत. आज कसा काय..."

त्या बोलायच्या थांबल्या. आपल्यावर आपलाच विश्वास उरत नाही तेव्हा माणूस कसं बोलतो ते मी त्या दिवशी ऐकलं. देव करो, पुन्हा ऐकायला न मिळो.

"राजाभाऊ," चाचांनी शांतपणे विचारलं, "रिमोट कुठे आहे?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

"म्हणजे... माझ्या हातात."

"आत्ता बटण दाबलंत. मला आवाज आला."

"मी? नाही हो. म्हणजे हो... ते काही नाही चाचा. ते मधेच विचारतं ना, अजून बघताय का म्हणून. बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की विचारतं. ओके दाबायचं, की लागतं परत. सगळ्यांकडेच येतं ते. आपण दाबतोच की, सवयीने, लक्षसुद्धा..."

आणि राजशेखर थांबले.

चाचांनी डोळ्यांवरचा रुमाल सोडला, मला ते कापडाच्या आवाजावरून कळलं.

"कोण विचारतं?"

"ते... अ‍ॅप."

"बोलून विचारतं?"

"नाही." राजशेखरांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "लिहून येतं. पडद्यावर."

खोलीत नुसती मालिका चालू होती. मग कुणीतरी तिचा आवाज कमी केला.

"काय लिहून येतं?" काकूंनी विचारलं.

"आई..."

"सांग ना. वाच मला."

"तुम्ही... अजून बघताय का."

"मला विचारतोय? मला?"

"हो."

"आणि मी उत्तर देईपर्यंत?"

"थांबतं. वाट बघतं..."

काकूंना हसू फुटलं. आधी हळू, मग खांदे हलायला लागले, मग त्या पोट धरून हसायला लागल्या. "अगंबाई! अहो इलाहीभाई, जन्मभर मी लोकांना ताटकळत ठेवलं, थांबा, थांबा, नंबर लागतोय म्हणून! आणि हा मेला दोन दोन तास माझ्यासाठी थांबत होता! आणि विचारतोय काय, तर बघताय का!"

हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते कळलं नाही. "म्हणजे कुणीतरी होतं," त्या म्हणत राहिल्या. "होतं ना रे राजा? मी म्हणत होते तसं, होतं ना?"

"होतं आई," राजशेखर म्हणाले. "होतं गं."



मग काकूंनीच हाक मारली. "अविराज, कुठे आहेस? रुमाल सोडलास का?"

मी सोडला नव्हता. सोडावासा वाटत नव्हता. सोडला तर त्यांच्याकडे बघावं लागणार होतं.

"चुकलं माझं, काकू."

"चुकलंच."

"तीनदा आलो आणि..."

"तीनदा आलास आणि तीनदा माझ्या हातातला रिमोट काढून घेतलास. सोड तो रुमाल आता. काम कर."

त्यांनी बरोबर बोट ठेवलं होतं. मी दर वेळी रिमोट घेऊन बटणं दाबत सुटायचो. माझं प्रत्येक बटण त्या टीव्हीला सांगत होतं की इथे कुणीतरी जागं आहे. मग तो कशाला काही विचारेल? मी हात काढून घेतला असता, तीन तास नुसता बसलो असतो, तर पहिल्याच खेपेला सापडलं असतं.

आणि याहून मोठी लाज पुढेच आहे. पडद्यावर जे जे लिहून येतं ते मोठ्याने वाचून दाखवायची सोय त्या टीव्हीत होती. नुसती चालू करायची. मला ठाऊक होतं! दोन महिन्यांपूर्वी मीच कॉलममध्ये लिहिलं होतं, नव्या टीव्हींच्या सात खुब्या, त्यातली सहावी. बातमी म्हणून लिहिली होती. बार्शीत कुणाला ती लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि काकूंच्या घरी मी त्यानंतर तीनदा येऊन गेलो होतो.

मी ती चालू केली. टीव्ही बोलू लागला. मराठी त्याला येत नव्हतं, हिंदीत सुरू झाला, बाईच्या आवाजात, एका सुरात, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून.

काकूंनी कान देऊन ऐकलं.

"ट्रेनिंग कच्चं आहे हिचं," त्या म्हणाल्या. "पण चालेल. शिकेल."

मी त्यांच्याच हातात रिमोट दिला आणि त्यांच्याकडून सगळं करून घेतलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. बटण दाबून पडद्यावरच्या ज्या पर्यायावर जावं, त्याचं नाव टीव्ही सांगायचा. पाचव्या खेपेला मी फक्त बसून होतो, हात मांडीखाली दाबून. आता पुढच्या वेळी तो प्रश्न आला की ऐकू येणार होता, आणि उत्तर कुठे दाबायचं ते त्यांना येत होतं.

राजशेखर बाहेर व्हरांड्यात फोनवर होते. खिडकीतून ऐकू येत होतं.

"नाही, आज नाही येत... नाही, पुढच्या आठवड्यातही नाही... अहो, ती बरी आहे. हो. पहिल्यापासून बरीच होती. मलाच... नाही, काही नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या."

फोन ठेवून ते गाडीकडे गेले. डिकीतून सूटकेस काढली, वळकटी काढली. मी धावत जाऊन पिशव्या घेतल्या.

"त्या निळ्या पिशवीत शेंगाचटणी आहे," काकूंनी आतून आवाज दिला. "बरणी तिरकी करू नका, तेल सांडेल!"

मग जेवण झालं. अडीच वाजले होते, भुकेने जीव चालला होता. भाकरी सकाळीच कामाच्या बाईने प्रवासासाठी करून ठेवल्या होत्या. आम्ही चौघांनी त्या चटणी आणि दह्याबरोबर संपवल्या. राजशेखर आईच्या ताटात दही वाढत होते आणि ती म्हणत होती, पुरे रे, लहान आहे का मी. एवढं चविष्ट जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. हात पुढे करून त्यांनी चाचांचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला.

"इलाहीभाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले ताई? काम तुमच्या कानांनी केलं."

"नाही. मी ऐकत तर होतेच की रोज. पण कुणी शेजारी येऊन बसलं नव्हतं."

चाचांनी तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

राजशेखर गेटपर्यंत आले. त्यांनी खिशातून तीन कागद काढले, डॉक्टरांसाठी छापून घेतलेली माझी तिन्ही जॉबकार्डं. मला वाटलं आता हे माझ्या तोंडावर फेकतील, आणि तो त्यांचा हक्कच होता. त्यांनी कागद फाडले, तुकडे खिशात ठेवले आणि माझा हात हातात घेतला.

"मी पण दर महिन्याला यायचो," ते म्हणाले. "तिच्याशेजारी बसून फोन बघायचो."

एवढंच म्हणाले.

त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली. कॉलम अजून लिहितो, पण आधी तो कुणाला तरी वाचून दाखवतो आणि त्याला काय लागतं ते विचारतो. कुणाच्या घरी गेलो की पहिली पंधरा मिनिटं हात मांडीखाली. गिऱ्हाईक हसतात, हसू देत. काकू पुढे आठ वर्षं त्याच घरात राहिल्या आणि स्वतःच्या दिवाणावर, स्वतःचा रिमोट उशाशी ठेवून गेल्या. मला जे काही थोडंफार येतं ते एका दुपारी, डोळ्यांवर रुमाल असताना मिळालेलं आहे. हे ऋण मला जन्मभर मिरवायचं आहे.

पण त्या दिवशी परत जाताना एवढं शहाणपण कुठे होतं? मी स्कूटर चालवत होतो, चाचा मागे बसले होते. डोक्यात हिशेब चालूच होता. बाजाराच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा मी मान वळवली.

"चाचा, एक विचारू?"

"विचार."

"तीन तास बसलो आपण, दुकान बंद ठेवून. आणि तो गप्प झालाच नसता तर?"

पुढे भाजीची हातगाडी आडवी आली होती, ती सरकेपर्यंत आम्ही थांबलो...

"सांगा ना. काहीच झालं नसतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"उद्या परत बसलो असतो."